एका ट्रान्झिस्टरचा फरक

आर्थिक वर्ष २०२३-२४ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयाने १ लाख ३ हजार ५७ पेटंटे मंजूर केली. आदल्या वर्षी ही संख्या ३४ हजार १३४ होती आणि दहा वर्षांपूर्वी, २०१३-१४ मध्ये, अवघी ४ हजार २२७. साहजिकच या आकड्यांचे कौतुक झाले. मला मात्र ते वाचताना एक साधे त्रैराशिक मांडावेसे वाटले. वर्षाचे कामाचे दिवस अडीचशे धरले, तर रोज चारशेहून अधिक पेटंटांवर मंजुरीची सही झाली. यातल्या बऱ्याच अर्जांची छाननी आधीच्या वर्षांतच सुरू झाली होती आणि तुंबलेले काम एकदम मोकळे झाले, हे लक्षात घ्यायला हवे. तरीही प्रश्न उरतो. ही सही होण्यापूर्वी कोणीतरी तो अर्ज वाचतो, म्हणजे नेमके काय करतो? आणि त्याने तो नीट वाचला नाही, तर तुमचे-आमचे काय बिघडते?

पेटंट हा शब्द मराठी घरांत पोहोचला तो १९९० च्या दशकात. डंकेल प्रस्ताव, गॅट करार, त्यावरच्या सभा आणि मोर्चे, आणि मग हळद. १९९५ साली अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने जखम बरी करण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने बत्तीस जुने संदर्भ पुढे ठेवून ते १९९७ मध्ये रद्द करून घेतले. ती लढाई आपल्या लक्षात राहिली ती देशाभिमानाची म्हणून. पण तिच्यातली मूळ गोष्ट फार साधी होती. वॉशिंग्टनजवळच्या त्या कार्यालयातल्या परीक्षकाने आपल्यासमोरचे ग्रंथालय चाळले. त्यात हळदीचा हा उपयोग सापडला नाही, म्हणून त्याला तो नवा वाटला. आपल्याकडच्या कोणत्याही आजीने त्याला दोन वाक्यांत सांगितले असते. पण आजीला विचारण्याची सोय कार्यालयीन पद्धतीत नव्हती.

हळदीचे प्रकरण कळायला सोपे, कारण तिथे अन्याय ढळढळीत दिसतो. औषधांचेही तसेच. म्हणून आज मी मुद्दाम एक कोरडी वस्तू घेतली आहे, जिच्यावर कधी मोर्चा निघालेला नाही आणि निघणारही नाही. तिचे नाव शिफ्ट रजिस्टर. नाव अपरिचित असले तरी वस्तू घराबाहेरची नाही. तुमच्या दूरदर्शन संचात, मोबाइलमध्ये, मुलांच्या लॅपटॉपमध्ये ती आहे आणि सेकंदाला हजारो वेळा काम करते आहे.

पडद्यावरचे चित्र आडव्या ओळींचे बनलेले असते. सध्याच्या एका प्रचलित दर्जाच्या पडद्यावर अशा १०८० ओळी असतात. सगळ्या ओळी एकाच वेळी रंगवता येत नाहीत. पहिली, मग दुसरी, मग तिसरी, असे एकेकीला जागे करावे लागते, आणि जी जागी असेल तिच्यातच त्या क्षणी चित्र भरले जाते. शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचलो की पुन्हा पहिलीपासून सुरुवात, आणि हे सगळे सेकंदाला साठ वेळा. म्हणजे एका ओळीच्या वाट्याला येतात सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी जेमतेम पंधरा.

हे ज्या साखळीमुळे घडते ती समजून घ्यायची, तर खो-खोचे मैदान डोळ्यांसमोर आणा. गडी रांगेत बसलेले आहेत. उभा गडी पुढच्याला खो देतो. पुढचा उठतो आणि खो देणारा त्याच्या जागी बसतो. एका वेळी एकच गडी उभा. आता कल्पना करा की खो कोणालाही न देता फक्त शेजारच्यालाच द्यायचा, आणि तोही पंचाची शिट्टी वाजेल तेव्हाच. झाले तुमचे शिफ्ट रजिस्टर. प्रत्येक गड्याच्या जागी चार-सहा ट्रान्झिस्टरांचा एक टप्पा, आणि पंचाच्या शिट्टीच्या जागी ठरावीक तालात चढणारा-उतरणारा विजेचा दाब. पूर्वी हे काम पडद्याच्या कडेला बसवलेल्या वेगळ्या चिप करीत. पुढे ही साखळी पडद्याच्या काचेवरच, अगदी काठाला, तयार करण्याची युक्ती निघाली. खर्च वाचला आणि काठही अरुंद झाले. या रचनेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडली की ‘गोवा’ असा शब्द होतो, आणि जगभरचे पडदा-अभियंते तो सर्रास वापरतात. मांडवीकाठच्या गोव्याला याची कल्पना असेल असे वाटत नाही.

आता खरी अडचण. खो-खोत बसलेला गडी निमूट बसून असतो. विजेच्या साखळीत तसे नसते. पंचाची शिट्टी सगळ्यांनाच ऐकू जाते, आणि प्रत्येक शिट्टीला बसलेले गडीही थोडे थोडे उचलले जातात. असा एखादा गडी चुकून अर्धवट उठला की पडद्यावर नको तिथे रेघ उमटते. म्हणून प्रत्येक टप्प्यात एक ट्रान्झिस्टर असा ठेवावा लागतो, ज्याचे काम एवढेच की बसलेल्याला दाबून बसवून ठेवायचे. १०८० पैकी एक क्षण सोडला, तर बाकीचा सारा वेळ याची पाळी चालू. काचेवर जे स्वस्त सिलिकॉन पसरतात, त्याचा स्वभाव असा की सतत दाब दिला की ते थकते. त्याचा चालू होण्याचा बिंदूच हळूहळू सरकतो. वर्ष-दोन वर्षांत दाबणाऱ्याचे हात ढिले पडले की पडदा खराब.

उपाय काय? एकाऐवजी दोघे ठेवा आणि त्यांना आळीपाळीने काम द्या. एक दाबतो तेव्हा दुसरा विश्रांती घेतो. गिरणीत, रुग्णालयात, पहाऱ्यावर माणसे शतकभर हेच करीत आली आहेत. मग ट्रान्झिस्टरांना पाळ्या लावून देणे हा शोध झाला की नाही?

या एका प्रश्नासाठी मी हा सारा प्रपंच केला. कारण पेटंट परीक्षकाच्या टेबलावर येणारे बहुतेक अर्ज असेच असतात. वाफेचे इंजिन किंवा विजेचा दिवा रोज येत नाही. येतो तो एका ट्रान्झिस्टरचा फरक.

या क्षेत्रातल्या पायाभूत पेटंटांपैकी एक थॉमसन या कंपनीला अमेरिकेत १९९३ मध्ये मिळाले. द्रवस्फटिकी पडद्याच्या ओळी निवडणारे शिफ्ट रजिस्टर, असा त्याचा विषय होता. त्यानंतर जपान, कोरिया, तैवान आणि चीनमधल्या कंपन्यांनी याच साखळीच्या सुधारणांवर पेटंटांचा पाऊस पाडला. कोणी पाळ्या लावल्या, कोणी साखळी दोन्ही दिशांनी चालवली, कोणी शिट्ट्यांची संख्या वाढवली, कोणी एक ट्रान्झिस्टर कमी करून दाखवला. शिफ्ट रजिस्टरची कितीतरी पेटंटे नावावर असलेल्या एका जपानी प्रयोगशाळेचे संस्थापक शुनपेई यामाझाकी यांच्या नावाची नोंद गिनेस बुकात झाली, ती अकरा हजारांहून अधिक पेटंटांसाठी. एका माणसाच्या आयुष्यात अकरा हजार शोध! एडिसनची पुण्याई याच्यापुढे फिकी पडते. हे पाहून यामाझाकी यांना हसण्याचे कारण नाही. कायद्याने जे मागता येते ते त्यांनी मागितले. विचार करायचा तो देणाऱ्याने.

देणारा काय देतो हे नीट पाहू. पेटंट म्हणजे समाजाने संशोधकाशी केलेला करार. तुझी युक्ती लपवू नकोस, सगळ्यांना कळेल अशी लिहून दे. त्याबदल्यात वीस वर्षे ती दुसऱ्या कोणाला तुझ्या परवानगीवाचून वापरू देणार नाही. अर्जाच्या शेवटी ‘दावे’ असतात आणि सारा जीव त्यांच्यात असतो. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात, तसेच हे. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, म्हणजे इथपर्यंत माझे. एकच वाक्य, पण कधी कधी पानभर लांब: पहिला ट्रान्झिस्टर ज्याचे एक टोक अमुक बिंदूला, दुसरा ट्रान्झिस्टर ज्याचे दार तमुक बिंदूला, वगैरे. वाचताना झोप येईल अशी भाषा, पण तिच्यातला एक शब्द सैल सुटला की कुंपण शंभर एकर पुढे सरकते.

आणि हे कुंपण पडते कशावर? आधीपासून सगळ्यांचे असलेल्या ज्ञानावर, म्हणजे गावाच्या गायरानावर. अर्जदाराने खरोखरच पडीक जागा नव्याने लागवडीखाली आणली असेल, तर ती वीस वर्षे त्याची. पण गायरानाचा तुकडा त्याने आपल्या चतुःसीमेत ओढून घेतला असेल, तर ते अतिक्रमण. मोजणीदार म्हणून मधे उभा असतो तो परीक्षक.

आपल्या कायद्यात परीक्षा अर्ज केल्याबरोबर होत नाही. ती मागावी लागते. पूर्वी त्यासाठी अठ्ठेचाळीस महिन्यांची मुदत होती, ती मार्च २०२४ च्या नियमांनी एकतीस महिन्यांवर आली. मग अर्ज त्या विषयातल्या परीक्षकाकडे जातो. तो जगभरातली जुनी पेटंटे, शोधनिबंध, नियतकालिके धुंडाळतो. धुंडाळायचे ते लोकांपुढे आलेले ज्ञान. कोणी गुपचूप काय केले होते याला इथे किंमत नाही. ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात जर्मन संदेश फोडण्यासाठी ‘कोलोसस’ नावाचे यंत्र बनवले, त्याच्या १९४४ मधल्या दुसऱ्या आवृत्तीत शिफ्ट रजिस्टर होते. पण ते यंत्र १९७० च्या दशकापर्यंत सरकारी गुपित राहिले. मधल्या तीस वर्षांत त्याच्या आधारे कोणाही परीक्षकाला कोणाचाही अर्ज अडवता आला नसता.

आपल्या पाळीवाल्या अर्जाकडे परत येऊ. समजा परीक्षकाला दोन जुने कागद सापडले. पहिल्यात अगदी हीच साखळी आहे, पण दाबणारा एकच. दुसऱ्यात दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने काम करतात, पण साखळी वेगळ्या जातीची. हुबेहूब असा एकही कागद नाही, म्हणजे ‘नावीन्य’ आहे. पण कायद्याला तेवढे पुरत नाही. १९७० च्या पेटंट कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनुसार शोधात आधीच्या ज्ञानाच्या पुढची तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व असावे लागते, आणि शिवाय तो त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचणारा नसावा लागतो. ज्ञात उपकरणांची नुसती मांडणी बदलणे किंवा एकाच्या जागी दोन लावणे, आणि तीही आपापले जुनेच काम सुटेपणाने करीत असतील, तर तो शोध नाही, असे कलम ३ (एफ) सांगते.

परीक्षक आपल्या अहवालात हे सारे लिहितो. अर्जदाराला उत्तरासाठी सहा महिने मिळतात, आणि उत्तर येते ते निष्णात वकिलाकडून. तो म्हणतो, माझे दोन ट्रान्झिस्टर सुटे नाहीत, ते एकमेकांना बंद ठेवतात. तो म्हणतो, दुसऱ्या कागदातली जोडी पहिल्या कागदातल्या साखळीत जशीच्या तशी घातली तर दोन्ही पाळ्यांच्या सांध्यावर क्षणभर कोणीच दाबत नाही आणि पडदा लुकलुकतो. मी ती फट बुजवली. आता परीक्षकाने ठरवायचे. ती फट बुजवणे ही कल्पकता, की कोणत्याही बऱ्या अभियंत्याची दुपारची कामगिरी?

बाहेरून वाटते की इथे तांत्रिक ज्ञान असले की झाले. पण खरी कसोटी असते ती वेगळीच. कोड्याचे उत्तर एकदा कळले की कोडे सोपे वाटते. परीक्षकाच्या हातात उत्तर आधीच असते. अर्जातच ते छापलेले आहे. उत्तर माहीत असताना, ते माहीत नसलेल्या माणसाला सुचले असते का, हे त्याने सांगायचे. इथे दोन्हीकडे घसरण आहे. सगळेच सोपे म्हणावे, तर प्रामाणिक संशोधक मारला जातो. हुबेहूब कागद सापडला नाही म्हणून सगळेच मंजूर करावे, तर गायरान संपते.

न्यायालयांनी या प्रश्नाशी वारंवार झटापट केली आहे. आपल्याकडचा सर्वात गाजलेला निकाल चक्क भांड्यांच्या कारखान्यातून आला. मिर्झापूरच्या हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या पेढीने लेथवर भांडे धरण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले होते. जुन्या पद्धतीत भांडे घासताना उडून कारागिराला लागण्याची भीती असे. यांनी दुसऱ्या बाजूने टेकू देऊन ते दाबून धरले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पेटंट टिकू दिले नाही. उपयोग आहे, सोय आहे, पण ही कारखान्यातली रोजची सुधारणा झाली. लेथवर काम करणाऱ्या कोणालाही ती सुचली असती, असा त्या निकालाचा आशय. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २००७ मध्ये मोटारीच्या ॲक्सिलरेटरचे पेडल आले. मागेपुढे सरकणारे पेडल जुने, विजेचा संवेदकही जुना. एकाला दुसरा जोडण्यात शोध कसला? न्यायालयाने एकमताने तो दावा फेटाळला आणि बजावले की जाणकार म्हणजे यंत्रमानव समजू नका, त्यालाही थोडी कल्पकता असतेच. मला या दोन्ही निकालांचे मोल वाटते ते याचसाठी की त्यांनी सामान्य कारागिराच्या अकलेला मान दिला. जे कोणत्याही शहाण्या कामगाराला सुचेल, त्यावर एकाची मालकी कशी?

पण या मानाची एक दुसरी बाजू आहे, आणि तिचा त्रास आपल्या संशोधकांनी सोसला आहे. ‘हे सहज सुचणारे आहे’ असे एका ओळीत लिहून अर्ज फेटाळायचा, ही आपल्याकडची जुनी खोड. दिल्ली उच्च न्यायालयाने ॲग्रीबोर्ड प्रकरणात मार्च २०२२ मध्ये या खोडीला चाप लावला. आधीचे ज्ञान काय होते, अर्जदाराने काय केले, आणि पहिल्यावरून दुसरे जाणकाराला कसे सुचले असते, या तिन्हींची चर्चा केल्यावाचून नकार देता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. हे योग्यच झाले. मात्र एक व्यावहारिक परिणाम नजरेआड करून चालणार नाही. नकार द्यायचा तर तीन मुद्द्यांवर सविस्तर लिहायचे, आणि मंजुरी द्यायची तर सही पुरते. टेबलावर शंभर अर्ज पडलेले असताना थकलेला माणूस कोणती वाट धरील?

माणसे किती आहेत तेही पाहा. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणानुसार मार्च २०२२ अखेर आपल्या पेटंट कार्यालयात ८६० माणसे होती. चीनमध्ये १३ हजार ७०४, अमेरिकेत ८ हजार १३२. एका अर्जाचा निकाल लागायला आपल्याकडे सरासरी अठ्ठावन्न महिने लागत होते. त्यानंतर भरती झाली, नागपूरच्या बौद्धिक संपदा व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय संस्थेत नव्या परीक्षकांना प्रशिक्षण मिळाले, नियम सुटसुटीत झाले. विलंब कमी होणे चांगलेच. पाच वर्षांनी मिळालेले पेटंट इलेक्ट्रॉनिक्समध्ये जवळजवळ निरुपयोगी असते, कारण तोवर मूळ वस्तूच बाजारातून गेलेली असते. पण घाई आणि वेग यांतला फरक अमेरिकेलाही सुटलेला नाही. तिथे एका अर्जावर परीक्षकाला सरासरी वीस तासांच्या आसपास मिळतात. मायकेल फ्रेक्स आणि मेलिसा वॉसरमन या दोन अभ्यासकांनी तिथल्या लाखो अर्जांचा हिशेब मांडून दाखवले की परीक्षकाची बढती झाली की त्याला दर अर्जामागे मिळणारा वेळ कमी होतो, आणि त्याचबरोबर त्याच्या मंजुरीचे प्रमाण वाढते. बढतीने माणूस उदार होतो असे समजण्याचे कारण नाही. शोधायला वेळ नसला की जुना कागद सापडत नाही, आणि सापडला नाही की हरकत घेता येत नाही. हळदीचेच हे दुसरे रूप.

इथे कोणी म्हणेल, चुकीचे पेटंट दिले गेले तर पुढे आव्हान देता येतेच की. येते. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने बेडाक्विलिन या क्षयरोगावरच्या औषधाच्या एका सुधारित रूपाचा, जॉन्सन अँड जॉन्सनने केलेला अर्ज फेटाळला. तो मंजूर झाला असता तर कंपनीची मक्तेदारी २०२३ ऐवजी २०२७ पर्यंत चालली असती. त्याला हरकत घेणाऱ्या होत्या क्षयरोगातून बऱ्या झालेल्या आणि औषधांच्या दुष्परिणामाने श्रवणशक्ती गमावलेल्या दोन तरुणी, भारतातल्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. मंजुरीपूर्वी कोणालाही अशी हरकत घेता येते, हे आपल्या कायद्याचे भूषण आहे. २०२४ च्या नियमांनी या हरकतीला शुल्क लावले आणि ती ऐकायची की नाही हे आधी नियंत्रकाने पाहायचे, असे ठरवले. मला हे पाऊल पटलेले नाही. खोट्या नावांनी हरकती घेऊन अर्ज लोंबकळत ठेवणारे महाभाग होते हे मान्य; पण दार अरुंद केले की ते सगळ्यांनाच अरुंद होते.

तरी औषधाच्या बाबतीत दार ठोठावणारे कोणी असते. रुग्ण असतात, त्यांच्या संघटना असतात, स्वस्त औषध बनवणाऱ्या कंपन्या असतात. शिफ्ट रजिस्टरच्या अर्जावर हरकत घ्यायला कोण येणार? प्रतिस्पर्धी कंपनीकडे स्वतःचीच अशी हजार पेटंटे असतात. ती भांडण्यापेक्षा तू माझे वापर, मी तुझे वापरतो, असा सौदा करणे पसंत करते. दूरदर्शन संच घेणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण भरलेल्या पैशांतला कोणता भाग या कुंपणांचा टोल म्हणून गेला, हे पावतीवर दिसत नाही. आणि ज्याच्याकडे अदलाबदलीसाठी एकही पेटंट नाही असा नवा उद्योजक मात्र वेशीवरच अडतो. या खटल्यात समाजाची बाजू मांडणारा वकील नाही, साक्षीदार नाही, श्रोतेसुद्धा नाहीत. त्या बाजूने एकटा परीक्षक उभा आहे. त्याच्यावर आकड्यांचे दडपण आणणे म्हणजे आपल्याच एकुलत्या एका पहारेकऱ्याला झोप येईल अशी व्यवस्था करणे.

हे आजच बोलण्याला कारण आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने चिप आणि पडदे या दोन्हींच्या निर्मितीसाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली. गुजरातमधल्या साणंद आणि धोलेरा या नावांची तेव्हापासून सवय झाली आहे. या उद्योगात उतरणारा देश काचेवर आणि सिलिकॉनवर जे काही आखील, त्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर कोणाचे तरी कुंपण असणार. त्यातले किती खरे आणि किती गायरानावरचे, हे आपल्याच कार्यालयाने ठरवलेले असेल. इथे आपल्या कायद्यातली एक बारीक रेषा सांगायला हवी. चिपवरच्या घटकांच्या भौगोलिक मांडणीला, म्हणजे नकाशाला, कलम ३ (ओ) नुसार पेटंट मिळत नाही. त्यासाठी २००० साली वेगळा कायदा झाला आणि त्याखाली नोंदणी दहा वर्षांची असते. पण कोणता ट्रान्झिस्टर कोणाला जोडला, ही जोडणीची कल्पना मात्र पेटंटयोग्य आहे. घराचा नकाशा एका खात्यात, घर बांधण्याची युक्ती दुसऱ्या खात्यात. ही रेषा रोज आखायची ती परीक्षकाने.

आकड्यांच्या हौसेचा आणखी एक प्रताप आपल्या अगदी जवळ घडतो आहे, आणि ज्यांची मुले यंदा अभियांत्रिकीला जाणार आहेत त्यांना तो उपयोगी पडेल. राष्ट्रीय मानांकनात संस्थांची पेटंटे मोजली जातात. २०२१ पासून शिक्षणसंस्थांना पेटंटाच्या शुल्कात ऐंशी टक्के सवलत आहे. अर्ज वाढले, २०२२ च्या पहिल्या तिमाहीत तर अकरा वर्षांत प्रथमच भारतीयांचे अर्ज परदेशीयांहून अधिक झाले. यात खरे काम आहेच. पण ‘आमच्या प्राध्यापकांचे पेटंट प्रकाशित’ अशी छायाचित्रासह बातमी वाचाल, तेव्हा थोडे थांबा. केलेला जवळजवळ प्रत्येक अर्ज अठरा महिन्यांनी आपोआप प्रकाशित होतो; लवकर हवा असेल तर शुल्क भरून लवकरही होतो. त्याला कोणी तपासलेले नसते. माहितीपुस्तिकेत चाळीस पेटंटे दिसली तर प्रवेशाच्या खिडकीवर जरूर विचारा, यातली मंजूर किती? आणि उत्तराआधी पडणारी शांतता ऐका.

हे सारे तपासायला वकील लागत नाही. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध झालेल्या अर्जांची कागदपत्रे कोणालाही विनामूल्य पाहता येतात. अर्ज, परीक्षकाचा अहवाल, त्याला वकिलाने दिलेले उत्तर, नियंत्रकाचा अंतिम आदेश, सगळे ओळीने लावलेले असते. गेले काही आठवडे मी रात्रीच्या जेवणानंतर अशा फायली उघडून वाचतो आहे. काही आदेश खरोखर वाचनीय आहेत; कोणत्या जुन्या कागदातला कोणता ट्रान्झिस्टर अर्जदाराच्या कोणत्या ट्रान्झिस्टरसारखा आहे, हे खुणा करून, शाळामास्तरांच्या चिकाटीने दाखवलेले. वकिलाने वाद घातला, परीक्षकाने एक दावा मान्य केला, दुसरा अडवला, शेवटी कुंपण चार पावले मागे आले आणि मग सही झाली. आणि काही आदेश एवढेच सांगतात की अर्जदाराच्या उत्तरानंतर सर्व हरकतींचे निराकरण झाले आहे, सबब पेटंट मंजूर. कोणती हरकत, कशाने निराकरण, याबद्दल त्या पानावर काहीही नसते.